‘आमचे लोक सारखं चुकीचं बटण दाबतात’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न स्क्रीन, फॉर्म आणि बटणांबद्दलचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : कार्यालयातल्या नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्मचारी ‘जतन करा’ऐवजी ‘रद्द करा’ दाबतात आणि भरलेली नोंद उडते. दोनदा प्रशिक्षण झालं, सूचना छापून लावल्या. आता खात्री विचारणारी चौकटही टाकली आहे, तरी नोंदी जातातच. लोकांना शिकवायचं तरी कसं?

उत्तर : शिकवणं थांबवा आणि स्क्रीन बदला. काम न समजल्यामुळे होणारी चूक वेगळी आणि काम नीट येत असताना हातून होणारी चूक वेगळी. रचनेचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांच्या मांडणीत पहिलीला ‘मिस्टेक’ म्हणतात, दुसरीला ‘स्लिप’. तुमच्या कर्मचाऱ्यांना नोंद जतनच करायची असते. हेतू बरोबर, हात चुकतो, म्हणजे ही स्लिप. प्रशिक्षणाने मिस्टेक कमी होतात, स्लिप कमी होत नाहीत. उलट सराव झालेल्या माणसाचा हात नजरेच्या आधी बटणावर पोचतो, म्हणून स्लिप जुन्या, तरबेज लोकांकडूनही होतात. ‘इतकी वर्षं काम करून असं कसं चुकता?’ हा प्रश्न त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण विमानांचं आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांचे फ्लॅप (उतरताना बाहेर काढलेले हलते भाग) मिटायला जायचे आणि चाकंच आत घ्यायचे. विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. अहवालात ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद व्हायची. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही नियंत्रणं शेजारी-शेजारी आणि दिसायला अगदी सारखी. त्यांनी चाकांच्या नियंत्रणावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या नियंत्रणावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. बोटांना न बघता फरक कळू लागला आणि ही चूक जवळजवळ नाहीशी झाली. चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी करण्याची पद्धत विमानांत आजही आहे.

आता तुमची स्क्रीन बघा. दोन्ही बटणं एकाच मापाची, एकाच रंगाची आणि एकमेकांना चिकटून आहेत का? एका स्क्रीनवर ‘जतन करा’ उजवीकडे आणि दुसरीवर डावीकडे, असं होतं का? हे दुसरं कारण फार वेळा सापडतं आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. क्रम सगळ्या स्क्रीनवर एकच ठेवा. ‘जतन करा’ रंग भरलेलं ठळक बटण करा. ‘रद्द करा’ नुसत्या अक्षरांचं ठेवा आणि थोडं लांब न्या.

खात्री विचारणारी चौकट का हरली, तेही सांगतो. रोज ५० वेळा येणारी चौकट कुणी वाचत नाही. ‘ठीक आहे’ दाबणं हा त्याच हालचालीचा पुढचा तुकडा होऊन जातो. त्यातच बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये चौकटीतला मजकूर असा असतो : ‘नोंद रद्द करायची आहे का?’ आणि खाली दोन बटणं, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. आता नोंद कशाने रद्द होणार आणि रद्द करणं कशाने रद्द होणार? घाईतल्या माणसाने हे कोडं सोडवावं अशी अपेक्षाच चूक आहे. बटणांवर होणारं काम लिहा : ‘नोंद टाकून द्या’ आणि ‘भरत राहा’.

खरा उपाय मात्र चौकटीचा नाहीच, माघारी येण्याचा आहे. भरलेला मजकूर दर काही सेकंदांनी मसुदा म्हणून आपोआप साठवा. ‘रद्द करा’ दाबलं तरी मसुदा ३० दिवस राहू द्या आणि यादीत वरच ‘अपूर्ण नोंदी’ दाखवा. चौकट फक्त जिथे खरोखर परत येता येत नाही तिथेच ठेवा, म्हणजे बाहेर गेलेला संदेश, पाठवलेले पैसे, कायमचं बंद केलेलं खातं.

प्रश्न : वापरकर्ताकेंद्री रचना म्हणजे लोकांना काय हवं ते विचारायचं आणि तसं द्यायचं, असंच ना? आम्ही १५ प्रश्नांचं सर्वेक्षण केलं, मागितलेल्या सगळ्या सोयी दिल्या. आता त्या कुणी वापरत नाही.

उत्तर : असं नाही. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये तीन तत्त्वं मांडली, ती आजही पुरेशी आहेत : सुरुवातीपासून वापरणारे आणि त्यांची कामं यांवर लक्ष, प्रत्यक्ष वापरून घेऊन मोजमाप, आणि त्यावरून पुन्हापुन्हा सुधारणा. आयएसओ ९२४१-२१० या मानकातही हेच चक्र आहे. वापराची परिस्थिती समजून घ्या, गरजा नेमक्या लिहा, रचना करा, तपासा आणि जिथे कमी पडलं तिथे परत जा. ‘तुम्हाला काय हवं?’ हा प्रश्न यात कुठेच नाही.

कारण साधं आहे. माणूस स्वतःच्या सवयी सांगू शकत नाही, करून दाखवू शकतो. ‘अहवाल डाउनलोड करायची सोय हवी का?’ असं विचारलं की कुणीही हो म्हणेल, हो म्हणायला काही लागत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘शेवटचा अहवाल कधी काढलात? तसाच आत्ता काढून दाखवा.’ मग दिसतं की माणूस स्क्रीनचा फोटो काढून साहेबांना पाठवतो, कारण साहेबांना दोनच आकडे हवे असतात. डाउनलोडची गरजच नव्हती, ते दोन आकडे चटकन पाठवता यायला हवे होते.

निरीक्षणाला जाल तेव्हा माणूस स्क्रीन सोडून कुठे बघतो तेही टिपा. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी, बाजूची वही, कॅल्क्युलेटर, शेजाऱ्याला मारलेली हाक : सॉफ्टवेअर जिथे कमी पडतं तिथे या गोष्टी उगवतात. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते शब्दशः उतरवून घ्या (पासवर्ड सोडून). गरजांची यादी करायला त्याहून चांगली सुरुवात नाही.

सर्वेक्षण टाकाऊ नाही. एखादी अडचण आहे हे कळल्यावर ती किती जणांना आहे हे मोजायला ते उपयोगी पडतं. ती अडचण शोधून काढायला मात्र जवळ जाऊन बघावंच लागतं.

प्रश्न : पाच जणांवर चाचणी केली की ८५ टक्के दोष सापडतात असं वाचलं. पाच पुरेसे आहेत का? आणि चाचणी प्रत्यक्षात घ्यायची कशी?

उत्तर : तो आकडा जेकब नील्सन आणि टॉम लँडाउअर यांच्या १९९३ च्या सूत्रातून येतो. एक माणूस एखाद्या दोषाला अडखळण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर न अडखळण्याची ०.६९. पाचही जण न अडखळता पुढे जाण्याची शक्यता म्हणजे ०.६९ चा पाचवा घात, सुमारे ०.१६. म्हणून उरलेले ८४-८५ टक्के दोष सापडतात.

गोम त्या ३१ टक्क्यांत आहे. ती त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांची सरासरी होती, निसर्गनियम नव्हे. तुमच्या ॲपमधला एखादा दोष दहातल्या एकालाच अडवत असेल, तर पाच जणांत तो दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के, आणि १५ जण घेतले तरी ७९. शिवाय पाच जण एकाच प्रकारचे असायला हवेत. तेच ॲप डॉक्टर आणि रुग्ण दोघेही वापरणार असतील, तर प्रत्येक गटातले वेगळे पाच घ्या. आमचं मत असं : १५ जण हाताशी असतील तर एकदम १५ घेऊ नका. पाच घ्या, दुरुस्त करा, पुन्हा पाच, पुन्हा दुरुस्ती. पहिला मोठा दोष वाट अडवून बसलेला असेल, तर त्याच्यामागचे दोष कुणाला दिसतच नाहीत.

आता चाचणी. एका माणसाला ४५ ते ६० मिनिटं आणि चार ते सहा कामं पुरतात. काम लिहिताना बटणावरचा शब्द वापरू नका. तिकिटांच्या ॲपमध्ये ‘तारीख बदला’ असं बटण असेल आणि कामाच्या कागदावरही ‘तारीख बदला’ लिहिलं असेल, तर तुम्ही शब्द जुळवायचा खेळ घेतलात, चाचणी नाही. असं लिहा : ‘शुक्रवारी निघणं तुम्हाला जमणार नाही, शनिवारी जायचं आहे. काय कराल?’

आदल्या दिवशी एका सहकाऱ्यावर रंगीत तालीम करा. निम्मी कामं संदिग्ध लिहिली गेली आहेत हे तिथेच कळतं. चाचणीच्या वेळी दोघं लागतात, एक बोलणारा आणि एक फक्त टिपणारा. सुरुवातीला रेकॉर्डिंगची परवानगी घ्या आणि स्पष्ट सांगा : ‘आम्ही ॲप तपासतोय, तुम्हाला नाही. अडलात तर दोष आमचा.’ मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगा.

यानंतरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. माणूस चुकीच्या मेनूत शिरला की ‘वर उजवीकडे बघा ना’ हे शब्द जिभेवर येतात. गिळा ते. ‘हे दाबू का?’ असं विचारलं तर ‘मी इथे नसतो तर काय केलं असतं?’ एवढंच म्हणा. ज्याने ॲप बनवलं त्याला बोलणाऱ्याच्या खुर्चीत बसवू नये. त्याला राहवत नाही आणि तो समजावू लागतो.

टिपणारा वेळ, स्क्रीन, काय केलं आणि काय म्हटलं एवढंच लिहील. ‘गोंधळला’ हे निरीक्षण नव्हे, तो तुमचा अर्थ झाला. ‘१२:४० ला तीन वेळा कॅलेंडरच्या चित्रावर दाबलं, काही झालं नाही, म्हणाल्या : हे बंद आहे वाटतं’ हे निरीक्षण. शेवटी प्रत्येक दोषाला ० ते ४ अशी तीव्रता द्या. ० म्हणजे दोष नाही, ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. हे गुण प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे द्यावेत, नाहीतर सगळ्यात वरिष्ठ माणसाचे गुण सगळ्यांचे होतात.

कामाला लागलेला वेळ मोजायचा असेल तर ती चाचणी वेगळी घ्या. मोठ्याने बोलताना माणसाचा वेग बदलतो.

प्रश्न : आमच्या ॲपला एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं ते मोजणाऱ्या) प्रश्नावलीत ७० गुण मिळाले. म्हणजे ७० टक्के लोक समाधानी, बरोबर?

उत्तर : नाही, ते टक्के नव्हेत. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेल्या या प्रश्नावलीत दहा विधानं असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या विधानांत मिळालेल्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकांत ५ मधून गुण वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचं. उत्तर ० ते १०० मध्ये येतं, म्हणून टक्के असल्याचा भास होतो. साधारण सरासरी ६८ धरतात, तेव्हा तुमचं ॲप सरासरीच्या जरासं वर आहे. सम विधानं नकारार्थी असल्याने ती भाषांतरात चुकून होकारार्थी झाली, तर सगळी बेरीज निरर्थक ठरते. एकदा तपासून घ्या. आणि हा आकडा काय बिघडलं ते सांगत नाही, काहीतरी बिघडलं आहे एवढंच सांगतो.

प्रश्न : फॉर्म पाठवताना लोक दोन-तीनदा बटण दाबतात आणि एकच अर्ज तीनदा नोंदला जातो. ‘एकदाच दाबा’ असं लाल अक्षरांत लिहूनही फरक नाही.

उत्तर : दाबल्यावर काहीच हललं नाही, तर माणूस परत दाबणारच. वेळेची तीन मापं लक्षात ठेवा. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तर आपल्याच हाताने घडलं असं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. म्हणून सर्व्हरचं उत्तर यायला कितीही वेळ लागो, बटणाचा रंग आणि शब्द (‘पाठवत आहे…’) ०.१ सेकंदात बदलायला हवा, आणि त्या वेळात ते पुन्हा दाबता येऊ नये. १० सेकंदांहून जास्त लागणार असेल तर किती झालं आणि थांबवायचं कसं, दोन्ही दाखवा. त्याबरोबर सर्व्हरकडेही सोय हवी. फॉर्म उघडताना त्याला एक क्रमांक द्या आणि त्याच क्रमांकाचा दुसरा अर्ज स्वीकारू नका. नेटवर्क तुटून माणूस पुन्हा आला तर फक्त बटण बंद करून भागत नाही.

एक सावधगिरी. ‘पाठवला’ हा शब्द अर्ज खरोखर पोचल्यावरच दाखवा, आज्ञा दिली म्हणून नको. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात नेमका हा घोटाळा होता. एक झडप उघडी अडकली होती, पण नियंत्रण कक्षातला तिचा दिवा विझला. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता, ‘बंद हो’ ही आज्ञा गेली एवढंच दाखवत होता. चालकांनी झडप बंद झाली असं धरलं, दोन तासांहून जास्त वेळ थंड ठेवणारं पाणी बाहेर जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. इतर कारणंही होती. पण तुमच्या स्क्रीनवरच्या प्रत्येक हिरव्या खुणेला हा प्रश्न विचारा : ही खूण घडलेलं सांगते की मागितलेलं?

प्रश्न : बटण किती मोठं असावं? काही नियम आहे का?

उत्तर : आहे. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. अंतराची दुप्पट भागिले रुंदी, आणि त्याचा २ पायाचा लॉगॅरिदम (म्हणजे तो आकडा २ चा कितवा घात आहे), ही झाली कठीणता. १६० मिलिमीटरवरचं १० मिलिमीटर रुंद बटण : ३२, म्हणजे कठीणता ५. रुंदी २० केली की १६, म्हणजे ४. अंतर निम्मं केलं तरीही ४. बटण जवळ आणायला जागा नसेल तर मोठं करा, फायदा तेवढाच.

माउससाठी स्क्रीनचे कोपरे आणि कडा फार सोप्या, कारण बाण तिथे आपोआप थांबतो. बोटाला ही सवलत नाही, बोट कडेवरून घसरून बाहेर जातं. स्पर्शासाठी ॲपल ४४ पॉइंट सांगते, अँड्रॉइड ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरच्या मापाची एककं). वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीची किमान अट २४ पिक्सेलची आहे, पण ती किमान आहे, त्यावर समाधान मानू नका. चित्र छोटं ठेवून त्याभोवतीची दाबता येणारी जागा मोठी करता येते, आणि हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : मेनूत सातपेक्षा जास्त पर्याय ठेवू नयेत हे खरं का?

उत्तर : नाही. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा ‘७ अधिक-उणे २’ हा आकडा डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टींबद्दलचा आहे (नंतरच्या संशोधनात तो ४ च्या आसपास आला). मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. १२ पर्याय नीट गटांत लावलेले असतील, तर सात-सातच्या तीन पातळ्यांत दडवण्यापेक्षा ते केव्हाही बरे. स्मृतीची मर्यादा आड येते ती एका स्क्रीनवरचा आकडा दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करायला लावता तेव्हा. तिथे पेस्ट बंद करू नका.

प्रश्न : जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष अशा तीन याद्या ठेवाव्यात की सरळ टाइप करू द्यावं? फॉर्मबद्दल आणखी काय बघावं?

उत्तर : हे कागदावरच मोजता येतं. कार्ड, मोरन आणि न्यूएल या संशोधकांच्या कीस्ट्रोक पद्धतीत सराव असलेल्या माणसासाठी ढोबळ वेळा अशा धरतात : मनात जुळवणी (पुढे काय करायचं ते ठरवणं) १.३५ सेकंद, माउसने नेम धरणं १.१, क्लिक ०.२, हात माउसवरून कीबोर्डवर ०.४, एक कळ ०.२८. एका यादीला एक जुळवणी, दोन नेम आणि दोन क्लिक लागतात, म्हणजे ३.९५ सेकंद. तीन याद्यांना जवळजवळ १२, आणि वर्षांच्या यादीतलं स्क्रोल यात धरलेलंच नाही. टाइप करायला एक जुळवणी, नेम, क्लिक, हात हलवणं आणि आठ कळा मिळून सुमारे ५.३. तेव्हा टाइप करू द्या. ‘५/३/१९८०’, ‘०५-०३-१९८०’, देवनागरी आकडे, सगळं स्वीकारा. रेघा आणि शून्यं नीट लावणं हे संगणकाचं काम आहे. दिवस आधी की महिना हे मात्र टाइप करायच्या चौकटीच्या वर लिहा.

चौकटीचं नाव चौकटीच्या आत फिकट अक्षरांत ठेवू नका. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं आणि भरलेलं तपासताना कुठे काय भरायचं होतं हे कळत नाही. फिकट रंगाचाही प्रश्न आहेच : साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) हवा. पांढऱ्यावर #७६७६७६ या क्रमांकाचा करडा रंग जेमतेम ४.५४ ला उतरतो, त्याहून फिका नको.

चूक सांगणारा संदेश चौकटीला लागून आणि काय करायचं ते सांगणारा हवा. ‘अवैध माहिती’ याने काय कळणार? ‘फोन क्रमांकात १० अंक हवेत, ९ आहेत’ असं लिहा. माणूस टाइप करत असताना तो दाखवू नका, चौकट सोडल्यावर दाखवा, आणि दुरुस्त होताच लगेच काढा. चूक फक्त लाल रंगाने दाखवू नका, सोबत शब्द किंवा खूण असू द्या.

फॉर्म देवनागरीत असेल तर आणखी एक तपासणी. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेल्या चौकटीत वरचा रफार, अनुस्वार आणि खालचा उकार कापले जातात. ‘कर्तृत्व’, ‘मूर्ती’, ‘सिंधू’, ‘हृदय’ हे शब्द प्रत्येक चौकटीत आणि बटणात टाकून बघा. काही कापलं जात असेल तर उंचीचा ठरावीक आकडा काढून टाका, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवून पुन्हा बघा आणि अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत (म्हणजे दुप्पट) मोठी करून तीच तपासणी परत करा.